साडेछत्तीस अंशांची खुर्ची

या ग्रुपवर लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, आणि खरं सांगते... आजवर हसण्यासाठीच वाचत आले. राग मानू नका. मी बौद्ध घरातली. भूत, करणी, अंगात येणं हे शब्द आईबाबांनी आमच्या घरात कधी येऊच दिले नाहीत. लहानपणी एकदा मी चिंचेच्या झाडाला घाबरले, तर बाबांनी मला त्याच झाडाखाली बसवून सतरापर्यंत पाढे म्हणायला लावले होते. त्यात माझी नोकरी अशी — ऊर्जानगरला वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. दिवसभर तापमान, दाब, व्हायब्रेशन. एखादं बेअरिंग चार अंशांनी जास्त तापलं तर कारण सापडल्याशिवाय आम्ही जागचे हलत नाही. आणि कारण सापडतंच.

म्हणजे... सापडायचं.

नवरा म्हणाला, "लिहून टाक बरं एकदाचं. नाईतं येईल त्या पाहुण्याले बाथरूम दाखवत बसशीन." म्हणून लिहितेय.

आमचं क्वार्टर तळमजल्यावर. पुढे हॉल, मधे एक खोली, मागे व्हरांडा. व्हरांड्याच्या टोकाला बाथरूम — चार बाय सहा, उत्तरेला हातभर खिडकी, ऊन वर्षातून एकदाही आत येत नाही. गीझर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अल्लापल्लीच्या लाकूड डेपोत नोकरी केली, सागाच्या ओंडक्यांची मापं घेण्यात आयुष्य गेलं. आई नर्स होती, एटापल्ली रोडवरच्या एका गावात उपकेंद्रावर. आजूबाजूच्या पाड्यांवर पायी फिरायची. माडिया बाया तिला नुसतं 'बाई' म्हणायच्या आणि तिचं हसणं म्हणे पुढच्या वळणावरून ऐकू यायचं. ती पाच वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बाबा गडचिरोलीच्या घरात एकटेच राहत होते, कुणाकडे यायला तयार नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात ते बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून मी त्यांना सरळ आमच्या क्वार्टरवर आणलं. मधल्या खोलीत त्यांची कॉट टाकली.

ऑपरेशन छान झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चालवा, रोज आंघोळ घाला, बसवा, उठवा. बाबा चालायला तयार होते. पण आंघोळीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे.

"बाबा, मी घालते ना."

"तू मही पोरगी आहे. नको."

"बरं, प्रशांत घालतील."

"जावयाच्या हातून आंघोळ? मी जिवंत असताना?"

मेडिकलमधून प्लास्टिकची खुर्ची आणली. एकदाच बसले तिच्यावर. ओल्या फरशीवर तिचा एक पाय जरासा फाकला आणि बाबांनी जो नळ घट्ट पकडला तो सोडेचनात. मी आणि प्रशांतने एकेक बोट सोडवून त्यांना बाहेर आणलं. तेव्हा मला कळलं की प्रश्न लाजेचा कमी आहे, भीतीचा जास्त आहे. चिंचेच्या झाडाखाली बसवणारा माझा बाप बाथरूमला घाबरत होता.

मग दिवस तसेच जायला लागले. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, तेही अर्धवट. ज्या माणसाने आयुष्यभर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, तो मळक्या बनियनवर बसून राहायला लागला. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. आपल्या अंगाला वास येतो हे त्यांना कळत होतं ना. जेवणही अर्ध्यावर आलं. पाठीला एक लाल चट्टा दिसला, तो पाहून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे असंच राहिलं तर पुढे कठीण आहे." तेवीस दिवस आंघोळ नाही.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या बसमध्ये मी मोबाईल पाहत होते. एक व्हिडिओ आला — जुनं फर्निचर बाथरूममध्ये कसं वापरावं. मोडक्या शिडीवर टॉवेल, ड्रेसिंग टेबलात बसवलेलं बेसिन, जुन्या खुर्चीवर साबण, मेणबत्त्या आणि एक झाडाची कुंडी. मला हसूच आलं. आमच्या चार बाय सहामध्ये शिडी ठेवली तर माणूस कुठे उभा राहणार?

घरी आले, गॅसचा सिलिंडर संपला होता. तो बदलायला मागच्या व्हरांड्यात गेले. भरलेला सिलिंडर आईच्या खुर्चीवर ठेवलेला होता.

ही खुर्ची सागाची. बाबांनी लग्नानंतर आईसाठी अल्लापल्लीला बनवून घेतलेली. रुंद हात, जरा मागे कललेली पाठ, वेताची बैठक. आई गेल्यावर बाबांना ती डोळ्यांसमोर नको होती म्हणून मी आणली, आणि मीच तिच्यावर पाच वर्षं सिलिंडर ठेवला. वेत पार फाटला होता. मी सिलिंडर उतरवला आणि दोन्ही हातांनी खुर्ची हलवून पाहिली. तसूभर हलली नाही. मी अख्खी तिच्यावर रेलले, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तुकूमच्या सलीमभाईंना बोलावलं. साठीचे आहेत, आमच्या वसाहतीतली निम्मी लाकडी कामं त्यांचीच. त्यांनी खुर्ची उलटी करून पाहिली, जोडांवरून बोट फिरवलं.

"ताई, वेत गेला कामातून. पण लाकूड पाहा हो. असं आता भेटत नाई. कायले लागते तुमाले?"

"आंघोळीला."

त्यांनी खुर्ची पुन्हा सरळ केली. मग मी बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी टेप काढली. बाथरूमचं दार चोवीस इंच, खुर्ची हातांपाशी पंचवीस.

"पाऊण इंच इकून, पाऊण तिकून घासतो. बैठकीले सागाच्याच पट्ट्या मारतो, मधात बोटभर जागा, पाणी निघून जाईन. लोखंडी खिळा एक नाई, सगळे पितळी स्क्रू. खाली कुबडीचे रबर लावून देतो, सरकनार नाई. आन् जवसाच्या तेलाचे तीन हात. धा दिवस द्या."

"सहा द्या, सलीमभाई."

त्यांनी बाबांच्या खोलीकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाबांना मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉटवरूनच विचारलं, "खुर्ची कुठी गेली?" मी म्हटलं दुरुस्तीला. सहाव्या संध्याकाळी सलीमभाई ती खांद्यावर घेऊन आले. हॉलमध्ये ठेवली... काय सुंदर दिसत होती! तेलाने लाकडाच्या रेषा वर आलेल्या, मधासारखा रंग. बाबा वॉकर घेऊन दारात आले. त्यांनी पट्ट्यांमधल्या फटी पाहिल्या, पायांचे काळे रबर पाहिले आणि त्यांना बरोबर समजलं.

"तिची खुर्ची तू मोरीत ठेवून राह्यली?"

 सलीमभाई पुढे होऊन म्हणाले, "काका, सागवान हे. याच्या नावा बनतेत. पान्याले भेत नाई हे."

बाबा आत गेले. रात्री जेवले नाहीत. मी खुर्ची बाथरूममध्ये ठेवली आणि कॉटच्या बाजूला उभी राहून पुष्कळ वेळ त्यांची माफी मागितली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलेलंच होतं.

सकाळी सहाला उठले. डिसेंबरचा दुसरा आठवडा, आमच्याकडे तेव्हा बाल्टीतलं पाणी हाताला झोंबतं. बाथरूममध्ये झाडू घ्यायला वाकले आणि तोल सावरायला खुर्चीच्या हातावर हात टेकला.

खुर्चीचा हात गरम लागला.

कसा सांगू... एसटीत कुणीतरी उठून जातं आणि आपण त्या जागेवर बसतो तेव्हा सीट जशी लागते ना, तसा. मी बैठकीवर हात ठेवला. तीही तशीच. पाठही. वाटलं प्रशांत बसला असेल. तो डोक्यावरून रजई घेऊन घोरत होता. मग वाटलं तेल असेल — जवसाचं तेल सुकताना थोडी उष्णता सोडतं, हे मला माहीत होतं. कारण सापडलं म्हणून बरं वाटलं.

चहा देताना मी बाबांना सहज म्हटलं, "खुर्ची गरम आहे बरं का, बाबा."

त्यांनी बोलायचं नाही असं ठरवलेलं असावं. पण राहवलं नाही.

"कोणती खुर्ची गरम आहे?"

"आईची. बाथरूममधली."

"काही बी बोलतं. डिसेंबरात सागवान गरम राहते?"

"मग येऊन पाहा."

आणि बाबा उठले! माझी खात्री आहे, मी हात जोडून "आंघोळीला चला" म्हटलं असतं तर उठले नसते. मी लाकडाबद्दल काहीतरी चुकीचं बोलले होते, ते त्यांना सहन झालं नाही. वॉकर टेकत टेकत व्हरांड्यातून गेले, त्या दाराशी एकदा थांबले, मग आत गेले. खुर्चीच्या हातावर आधी तळवा ठेवला. मग हात उलटा करून ठेवला, लेकराचा ताप पाहतात तसा. मग वळून, सावकाश, खुर्चीचे दोन्ही हात धरून कपड्यांसकट खाली बसले.

मी दारात उभी. ते बसले आणि त्यांचे खांदे खाली आले. महिनाभर वर चढवून ठेवलेले खांदे.

"काऊन गरम आहे हे?" त्यांनी विचारलं.

"तेल असेल, बाबा."

"तेल?" ते म्हणाले, आणि गालातल्या गालात हसले. मग म्हणाले, "पाणी आण बेटा. दरवाजा लोटून घे. कडी नको लावू."

मी बाल्टी ठेवली, टॉवेल ठेवला आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.  आधी एक तांब्या पाण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मी दाराला हात लावणार तोच दुसरा तांब्या... तिसरा... आणि मग बाबा गुणगुणायला लागले. प्रशांत रजई गुंडाळून मागे येऊन उभा राहिला. आम्ही दोघं तिथे थंडीत, बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. चाळीस मिनिटं लागली त्यांना. कुणाच्या हाताची गरज पडली नाही. बाहेर आल्या आल्या म्हणाले, "महा कंगवा कुठी आहे? आन् भूक लागली." दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, वर विचारलं, "मिरची नाई का घरी?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आनंदच होता. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा गरम. तिसऱ्या दिवशी पण. आठवड्याने तेल खडखडीत सुकलं, वर रोजचं पाणी पडत होतं, तरी गरम. माझ्याकडे कोरोनात घेतलेली तापमान मोजायची गन आहे. ती काढली. भिंत — चौदा. फरशी — तेरा. प्लास्टिकची बाल्टी — चौदा. खुर्ची — साडेछत्तीस.

माणसाच्या अंगाचं असतं तेवढं. चकचकीत धातूवर ही गन फसवते, लाकडावर फसवत नाही. तरी मी ताप मोजायचा थर्मामीटर पट्ट्यांवर दाबून धरला. तेच. गीझर दोन दिवस बंद ठेवला, पाणी गॅसवर तापवलं. तेच. खुर्ची उचलून हॉलमध्ये आणली — पाव तासात घरातल्या बाकी लाकडासारखी गार. आत ठेवली, दुसऱ्या सकाळी पुन्हा साडेछत्तीस. प्लास्टिकची खुर्ची त्याच जागी ठेवून पाहिली, ती गारच्या गार. मी कागदावर आकडे लिहून काढले, त्यांच्याकडे पाहत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पुढची टेस्ट काय करायची ते सुचेना.

तुम्ही म्हणाल, भीती नाही वाटली? एकदाही नाही. उलट घरात सण असल्यासारखं झालं. हिवाळ्यात दोन तांब्यांत आंघोळ उरकणारा माझा नवरा आता अर्धा अर्धा तास आत. बाहेर मी ओरडतेय, "प्रशांत, माझी बस निघून जाईल!" तर आतून आवाज, "पाचच मिनिटं, पाठ शेकून राह्यलो." शेजारच्या काकूंची कंबर दुखत होती. त्या 'फक्त पाहायला' आल्या आणि साडी सावरून अशा बसल्या की त्यांचा चहा मला बाथरूममध्ये नेऊन द्यावा लागला.

सलीमभाईंनाही बोलावलं. आधी त्यांना वाटलं, कामात काही खोट निघाली. मी म्हटलं, नुसता हात लावा. त्यांनी लावला आणि झटकन काढला. मग खाली बसून खुर्चीखाली वाकून पाहिलं, पट्ट्यांच्या फटींतून, स्क्रूंपाशी. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ताई, चाळीस वर्सं झाली लाकडात. असं नाई पाह्यलं." मग एकदम हसले. "बनवाची मजुरी आपली. गरम कराची आपली नाई हो!"

बाबा दारात उभे होते, पांढऱ्या शर्टात. तेही हसायला लागले. दोन म्हातारे आमच्या बाथरूममध्ये उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

त्या संध्याकाळी मी बाबांना सरळ विचारलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? आई..."

त्यांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "हे पाह्य बेटा. आपण भूतबित मानत नाई. तुही माय बी मानत नोती."

"मग काय आहे हे?"

"मले काय माहीत? गरम आहे, बसतो."

फेब्रुवारीत बाबा वॉकर सोडून काठीवर आले. पौर्णिमेच्या वंदनेला चालत विहारात गेले, येताना वाटेत तीन ठिकाणी थांबून गप्पा मारून आले. पाठीचा चट्टा कधी गेला ते आठवतही नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, रोज आंघोळ.

मग उन्हाळा आला. चंद्रपूरचा मे महिना मी वेगळा सांगायला नको. दुपारी नळाचं पाणी हातावर घेववत नाही, बाथरूमच्या भिंती रात्रीपर्यंत धगधगतात. प्रशांत म्हणाला, आता ती खुर्ची बाहेर काढ, तिच्यावर कोण बसेल? मलाही पटलं. एका दुपारी पहिली पाळी करून आले आणि खुर्ची काढायलाच आत गेले. हात लावला...

गार!

मी गन आणली. भिंत — एक्केचाळीस. फरशी — एकोणचाळीस. बाल्टी — चाळीस. खुर्ची — साडेछत्तीस. एक दशांशही इकडचा तिकडे नाही. ती होती तशीच होती, भोवतीचं सगळं बदललं होतं. त्या भट्टीत साडेछत्तीस अंश म्हणजे सावली.

बाबा माझ्यामागे आले होते. मी अजून सेफ्टी शूजमध्येच, पाय आतून उकडलेले. त्यांनी काठीनेच खुर्चीकडे खूण केली.

"बस. बूट काढ."

"बाबा, तुम्ही कशाला..."

"बस म्हणतो ना."

मी बसले. त्यांनी रिकामी बाल्टी माझ्या पायांशी सरकवली, माठातलं पाणी तांब्याने आणलं, एक हात खुर्चीवर टेकवून वाकले आणि माझ्या पायांवर हळूहळू ओतायला लागले. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. मी म्हटलं, "बाबा, हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"तुही माय पाड्यांवरून चालून याची," ते पाणी ओतत म्हणाले. "कवा चार कोस, कवा जास्त. मी डेपोतून आधी पोचाचो. याच खुर्चीवर बसाची ते. हिवाळ्यात गरम पाणी, उन्हाळ्यात माठातलं. रोज. तुमी पोरं खेळाले गेलेले राहाचे तवा."

चाळीस वर्षं मी या माणसाची मुलगी आहे, आणि हे मला माहीत नव्हतं. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून डोळे मिटून बसले. बाबा पुन्हा माठाकडे गेले, पुन्हा आले. त्यांची पावलं एकदम सरळ पडत होती, त्याच ओल्या फरशीवर.

कारण मला आजही सापडलेलं नाही. आमच्या डिपार्टमेंटमधल्या दोघांना दाखवलं. एक म्हणाला गन बदल, दुसरा अर्धा तास बसूनच राहिला. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर नक्की लिहा, मी मनापासून वाचेन, हसणार नाही. आणि कधी ऊर्जानगरला येणं झालं तर स्वतः बसूनही पाहा. फक्त सकाळी आठनंतर या. आठपर्यंत बाबांचा नंबर असतो, आणि एकदा बसले की ते लवकर उठत नाहीत.